थंडीच्या तोंडावर एक सुई

चिंचवड,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९५७

तीर्थस्वरूप सौ. रुक्मिणीआक्काच्या पायांशी धाकट्या इंद्रायणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (हा शब्द मी या वेळी रिवाज म्हणून लिहीत नाही, चांगला विचार करून लिहिते आहे. का, ते पुढे येईलच.) भाऊजींचे गुडघे कसे आहेत? पहाटे कृष्णेच्या गार पाण्यात आंघोळ करायचं त्यांनी सोडलं का? सोडलं नसणार. तुझे अनारसे या दिवाळीत जमले असतील. माझे तुपात सोडले तसे विरघळले आणि तळाशी नुसती खसखस राहिली. सासूबाईंनी ती चमच्याने खाल्ली आणि 'चव बरी आहे' म्हणाल्या, म्हणजे यंदा त्यांचाही माझ्यावरचा राग बराच उतरलेला दिसतो.

पत्राला उशीर झाला, त्याचं कारण आमच्याकडे झालेली खोकल्याची धामधूम. तुला आमचं औषधांचं दुकान ठाऊक आहेच. त्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, डॉक्टर आबाजी निमकरांचा दवाखाना. आजाऱ्याने इकडे नाडी दाखवावी आणि तिकडून औषध घ्यावं, इतकी चांगली सोय. पण जेठात ती फ्लूची साथ आली, घरटी माणसं अंथरुणाला खिळली, आणि त्या गर्दीत वैतागून ह्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं की डॉक्टरांच्या लाल मिक्श्चरमध्ये औषधापेक्षा रंग जास्त असतो. हे वाक्य शिंकेपेक्षा लवकर रस्ता ओलांडून गेलं. त्यावर डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून, ह्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की लक्ष्मणरावांच्या दुकानात धूळसुद्धा पुडीत बांधून विकली जाते. (धूळ होती, आक्का. पण विकत नव्हतो.) झालं. दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांकडे न बघणं हे किती कष्टाचं काम आहे ते बघणाऱ्यालाच कळतं. ह्यांची तर मान एका बाजूला आखडली होती.

इथवर आम्ही बायका हसत होतो. आषाढात हसू गेलं. बीडकडचा कोंडाजी म्हणून एक जण पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात हमालीला आहे. त्याची रांगती मुलगी न्यूमोनियाने फणफणली. डॉक्टरांच्या कपाटातलं पेनिसिलिन साथीत संपलेलं. आमच्या फळीवर होतं. पण डॉक्टरांनी आमच्याकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून त्यांनी कोंडाजीला गाडीने पुण्याला पिटाळलं. तो आमच्या दुकानासमोरून स्टेशनाकडे पळत गेला. ह्यांनी त्याला पळताना पाहिलं आणि 'डॉक्टरांच्या पेशंटमध्ये मी पडणार नाही' म्हणून हाक मारली नाही. तो परत येईपर्यंत दिवस कलला. ज्या माणसाच्या खांद्यावरून दिवसभर त्याच औषधाची खोकी जातात, त्याची पोर त्या औषधावाचून घरघरत पडली होती. पोर वाचली, देवाची कृपा. पोर किती थोडक्यात वाचली हे नंतर कळलं तेव्हा दोन्ही घरांतले पुरुष जेवले नाहीत. पण एकमेकांशी बोललेही नाहीत.

दसऱ्याला सोनं द्यायला डॉक्टरांच्या मंजुळाबाई आल्या. त्या आणि मी माजघरात बसलो. थंडी महिन्याभरावर आली होती. थंडी पडली की पवनेवर धुकं साचतं, चुलींचा धूर वर जात नाही, कारखान्याच्या चाळीत एकेका खोलीत दोन दोन बिऱ्हाडं दारं लावून झोपतात, आणि पोरांच्या छात्या भरायला लागतात. मंजुळाबाई म्हणाल्या, "इंद्रायणीबाई, या वेळी कोंडाजीसारखं कुणी पळत गेलं आणि उशिरा परतलं तर आपण दोघी कुठल्या तोंडानं हळदीकुंकू करायचं?" म्हणून आम्ही खोटं बोलायचं ठरवलं. मी ह्यांना सांगितलं की डॉक्टर विचारत होते, थंडीसाठी कोणती औषधं भरून ठेवावीत. मंजुळाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं की लक्ष्मणराव विचारत होते, थंडीत लोकांना काय सांगावं. दोघेही मनातून खूश झाले. आम्हाला वाटलं, आता उठतील आणि रस्ता ओलांडतील. कसचं काय! दोघांनी आपापल्या जागी बसून आपापली तयारी सुरू केली.

ह्यांच्या तयारीची कथा ऐक. खोकल्याचं औषध पुष्कळ लागणार, तर बाटल्या हव्यात. ह्यांनी दवंडी दिली की ज्यांच्या घरी रिकाम्या बाटल्या असतील त्यांनी दुकानात आणून द्याव्या. दारूबंदीचा काळ, तरी चार दिवसांत ओट्यावर जो ढीग लागला त्यात तेलाच्या थोड्या, अत्तराच्या एक-दोन आणि बाकीच्या कशाच्या ते मी लिहीत नाही. (देणारे पदराखाली झाकून आणत आणि 'वाटेत सापडली' म्हणत. या गावाच्या वाटेत इतकं काही सापडतं हे मला माहीत नव्हतं.) मग भिमाजी जमादार चौकशीला आला. खाली बसून एकेक बाटली नाकाला लावायला लागला. पण त्याला सणकून सर्दी, कशाचाच वास येईना. शेवटी उठला आणि म्हणाला, "लक्ष्मणराव, गुन्हा काय ठरत न्हाई. नाकासाठी काय असंल तर द्या." यंदाच्या हंगामातलं आमचं पहिलं गिऱ्हाईक ते.

तिकडे डॉक्टरांनी फळा लावला. त्यावर लिहिलं, 'श्वसनविकारग्रस्तांनी विलंब न लावता उपस्थित व्हावे.' लोकांना वाटलं सरकारी वसुली आहे, आणि दोन दिवस दवाखान्याच्या बाजूने कुणी फिरकलंच नाही. मग डॉक्टर सावित्रीबाईंकडे गेले. सावित्रीबाई म्हणजे इथल्या जुन्या शेतकरी घराण्यातल्या थोरल्या बाई. पोराची छाती भरली की गावातल्या बाया आधी त्यांच्याकडे जातात आणि त्या पोराच्या छातीवर बिब्ब्याचा डाग देतात. डॉक्टरांनी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी सुई टोचता, आमी बिब्बा लावतो. पोरगं दोन्हीकडं रडतंच की! मंग आमच्याकडं जवळ पडतं." डॉक्टर जोंधळ्याच्या हुरड्याचं आमंत्रण घेऊन परत आले.

आता खरी गोष्ट. कोजागिरीला हे गच्चीवर उघड्या डोक्याने चंद्र बघत बसले आणि पुढच्या आठवड्यात खोकायला लागले. औषधवाल्याने खोकणं बरं दिसत नाही म्हणून माझ्यापासून लपवायचे. खोकला आला की मोठ्याने हिशेबाचे आकडे म्हणायचे. दुकानातल्या फळीवरचं एकेक औषध डावीकडून सुरुवात करून घेत गेले. एका दुपारी निलगिरीचं तेल काढायला शिडीवर चढले आणि दोन पायऱ्यांवरून खाली येऊन जमिनीवरच बसले. मी जवळ गेले. अंग निखाऱ्यासारखं. बरगडीत कळ येत होती, श्वास अर्ध्यावर तुटत होता, ओठांचा रंग मला आवडला नाही. मी 'डॉक्टरांना बोलावते' म्हटलं. त्यांनी मान हलवली, नको. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

आक्का, आमचा रस्ता एका बैलगाडीएवढा रुंद. पण मला तो संपेना. डॉक्टर जेवायला बसले होते. मी दारातून एवढंच म्हणाले, "ह्यांना श्वास येत नाही." ते ताटावरून उठले. आमच्याकडे येऊन माझ्या घागरीवर हात धुतले, ह्यांच्यासमोर बसले, आणि जेठानंतरचं पहिलं वाक्य बोलले.

"आ करा."

हे म्हणाले, "आऽऽ."

एवढ्यावर चार महिन्यांचं भांडण मिटलं. मंजुळाबाईंनी माझ्या चुलीवर इंजेक्शनची पिचकारी उकळायला टाकली. डॉक्टरांनी न बघता हात पुढे केला, "वहिनी, पेनिसिलिन," आणि मी ते आमच्या फळीवरून काढून त्यांच्या हातात दिलं. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते की चुलीचा धूर होता, मी विचारलं नाही. मला मात्र ती कोंडाजीची पोर आठवली.

मग ह्यांनी सुई पाहिली. इतकी वर्षं ह्या माणसाने सुया विकल्या, पण टोचून घेताना कधी पाहिलं नव्हतं मी. ज्याच्या अंगात बसायची ताकद नव्हती तो माणूस उठून कोठीच्या खोलीकडे निघाला. मी आणि मंजुळाबाईंनी धरलं, डॉक्टरांनी टोचलं, आणि ह्यांनी जी आरोळी ठोकली ती मोरया गोसावींच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी ऐकली. श्वास येत नव्हता तो माणूस, आक्का! डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात अजून बरीच जागा आहे, काळजी नको." रस्त्यावरून सावित्रीबाई चालल्या होत्या, त्या काठी टेकत आत आल्या. "कुणाला कापलं?"

त्यानंतर डॉक्टर सकाळ-संध्याकाळ सुई घेऊन यायचे आणि सावित्रीबाई बरोबर त्याच वेळेला समाचाराला यायच्या. पहिले दोन दिवस हे डोळे मिटून पडलेले, आणि मी श्वास ऐकत बसलेली. तिसऱ्या दिवशी घाम आला, ताप उतरला. डोळे उघडून पहिलं काय मागितलं असेल? डॉक्टरांचं लाल मिक्श्चर. एक घोट घेऊन म्हणाले, "रंग जास्तच आहे." डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या धुळीची पुडी देऊ का?" आणि दोघे हसता हसता इतके खोकले, की डॉक्टरांनाच पाणी द्यावं लागलं. सावित्रीबाईंनी हे सगळं बघितलं आणि निकाल दिला, "एवढा आरडूनबी मेला न्हाई. उठून बसला. म्हंजी सुई बरी हाय."

आता आमच्याकडची तयारी बघशील तर ओळखणार नाहीस. बाटल्या सोडा घालून उकळून उन्हात मांडल्यात. प्रत्येकीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी मी चिकटवते. (आधी खळ पातळ झाली आणि पट्ट्या सासूबाईंच्या पाठीला लागून देवळापर्यंत गेल्या, तेव्हापासून घट्ट करते.) पेनिसिलिन दोन्हीकडे ठेवायचं आणि एकीकडे संपलं तर हाक मारून दुसरीकडून न्यायचं, असं ठरलंय. फळ्यावर आता नुसतं लिहिलंय, 'पोराला धाप लागली? लगेच या.' आणि सावित्रीबाई बाया आल्या की पोराचा अंगरखा वर करून बघतात. "श्वासासंगं बरगडीखाली खळगी पडतीया न्हवं? मंग माझ्याकडं नगं. आदी पलीकडं जा, आन् उद्या मला दावायला आण." साधा खोकला असेल तर अजून त्या घरीच ठेवून घेतात, पण बिब्बा आता फक्त पायाला काटा लागला तर.

गेल्या आठवड्यात पहिली बोचरी थंडी पडली. चिखलीच्या बाजूने एक बाई तान्हं पोर घेऊन चालत आली. इतक्या वेळेवर आली की डॉक्टर वहीत लिहायला तिचं नाव विचारायचं विसरून 'शाबास' म्हणाले. पोर दोन दिवसांत दूध ओढायला लागलं. कोंडाजीची बायको त्या बाईजवळ बसून होती. मला म्हणाली, "माय, यंदा कोणी पळालं नाही स्टेशनाला." मी बाटली पुसत राहिले.

बाकी सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना गालगुच्चे, आणि तुला, लांबून का होईना, घट्ट मिठी.

तुझी
इंद्रायणी

ता. क. आरोळीचं भाऊजींना सांगू नकोस. निदान ह्यांच्यासमोर तरी नको.

ता. क. दुसरा. आक्का, ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते वर कुठेच आलं नाही. तुझी लेक दुर्गा मिरजेला नर्सचं शिक्षण घेऊन आली आणि वर्षभर तुझ्या माजघरात शेवया करते आहे. नर्स म्हटलं की स्थळ येत नाही म्हणतेस. येत नसेल. पण इथे चाळीतल्या बायका पुरुष डॉक्टरांसमोर पदर सोडत नाहीत, बाळंतिणींची छाती कुणी तपासायची? डॉक्टर एकटे पुरत नाहीत. तिला हा हिवाळाभर माझ्याकडे पाठव. ती माझ्याजवळ झोपेल, माझ्याजवळ जेवेल, आणि दिवसा डॉक्टरांबरोबर चाळीत जाईल.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते घेऊन हेच आलेत, आणि या क्षणी तुझ्या ओसरीवर चहा पीत बसलेत. त्यांना वाटतं मी त्यांना हवापालटाला पाठवलंय. त्यांना दही देऊ नकोस, आणि उद्या सकाळच्या एस.टी.ची दोन तिकिटं काढायला सांग. दुसरं कुणाचं, असं ते विचारतील. तू आधी आत जा आणि दुर्गेला विचार. ती काय म्हणते ते तिच्याच तोंडून बाहेर येऊन सांगू दे.