डाव्या बाजूचं पायदान

माझ्या प्रिय आईला,

आज संध्याकाळी स्कूटरवर मागं बसताना तू पाय ठेवायचीस ते पायदान पोत्यात गुंडाळून घरी आणलं. अण्णांनी ते तुझ्या शिलाई मशीनखाली ठेवलं आणि हातपायही न धुता मागच्या दारी जाऊन बसले. मला हे कोणाला तरी सांगायचंय. असलं काही सांगायला मला तुझ्याशिवाय कधी कोण होतं? म्हणून लिहिते.

आधी तुला माहीत नसलेली गोष्ट. मला नोकरी लागली. अंबड रस्त्यावरच्या एका गावात, शाळेत. उद्या सोमवारी हजर व्हायचंय. कुंभार पिंपळगावहून शाळेच्या वेळेला एसटी नाही, म्हणून अण्णा म्हणाले, "स्कूटर घेऊन जात जा. मला आता कुठं जायचंय?" दिवाळीनंतर तू गेलीस तेव्हापासून ते खरंच कुठं जात नाहीत. गावातली त्यांची शाळा आणि घर, बस.

पण स्कूटर चालवण्यासारखी राहिली नव्हती. अंगणात उभी असताना एकदा वाऱ्यानं डावीकडं पडली आणि तुझ्या पायदानाची बिजागरी तुटली. आधीच ती ढिली होती. किती वर्षं खडखड करत होती! आता पायदान लोंबायला लागलं. अण्णांनी तारेनं बांधलं, पण खड्डा आला की त्याचं टोक रस्त्याला घासायचं. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघते. तू म्हणायचीस, "वंदे, तुझ्या हाताला ते कुलूप कंटाळंल एक दिवस." मी काय असं लोंबतं पायदान घेऊन मुलांच्या शाळेत जाणार होते?

मला ते काढायचं नव्हतं, आई. बदलायचं होतं. तसंच दुसरं मिळालं तर तुझी जागा तुझ्यासारखी राहील, असं काहीतरी डोक्यात घेतलं होतं. जालन्याला दोन वेळा जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "ताई, ती गाडीच बंद केली कंपनीनं. तिचं पायदान कुठून देऊ? नव्या गाडीचं बसतंय का बघा." ते बसत नव्हतं. शेवटी भंगारवाल्याकडं तसल्याच एका स्कूटरचं पायदान सापडलं, गंजलेलं पण सरळ. मी ते एसटीत मांडीवर घेऊन आले. इतकी खूश होते मी.

अण्णांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "याला ठोकळा कुठंय?"

ठोकळा. तुझा उजवा पाय आखूड, तो खाली टेकत नव्हता, म्हणून अण्णांनी पायदानाच्या एका टोकाला लाकडाचा ठोकळा बसवून वर रबर ठोकलं होतं. ते मी विसरले नव्हते. मी म्हणाले, "आपण ठोकळा करून घेऊ की, अण्णा."

"कुणासाठी?" ते म्हणाले. "बसणारी न्हाई, मंग पायदान कशाला? काढून टाकू ते. तुझा जीव धोक्यात घालायला ठेवायचंय का ते?"

एवढं बोलून ते आत गेले. मी अंगणात त्या गंजक्या पायदानाजवळ बसून राहिले. रागावू नकोस, पण त्या दिवशी मला तुझा फार राग आला. असं अर्धं सोडून जातात का कोणी? मशीनवर ब्लाउजची एक बाही अजून टाचणीसकट आहे. ती कुणी शिवायची?

आज रविवार, म्हणून आजच पायदान काढायला अंबडला जायचं ठरलं. ती जुनी गाडी समजणारे मेकॅनिक सलीमभाई आता तिथंच आहेत. मी म्हणाले, मी चालवते, मला सवय व्हायला हवी. अण्णांनी तार पिळून घट्ट केली, तपासली. मग काय केलं असेल त्यांनी? ते मागं दोन्हीकडं पाय टाकून नाही बसले. तुझ्यासारखे, डावीकडं तोंड करून एका बाजूला बसले. धोतर सावरून, पाय पायदानावर. एक पाय ठोकळ्यावर आल्यानं गुडघा विचित्र वर आला होता.

समोरच्या किसनकाकांनी ओसरीवरून हाक मारलीच. "काय मास्तर, बायामाणसावाणी बसलात! पदर घ्या डोक्यावर!"

एरवी अण्णांनी सोडलं नसतं. आज एवढंच म्हणाले, "येकदा बसून बघतोय, किसनराव." मी क्लच धरून थांबले. मागून खांद्यावर दोन थापा पडल्या. निघायची खूण म्हणून तू त्यांना मारायचीस तशाच. त्यांना त्या पाठ होत्या, मला माहीतच नव्हतं.

आम्ही निघालो. पायदान खडखडत होतं. मग मागून म्हणाले, "वंदे, इथून समोरचं काहीच दिसत न्हाई गं."

"मग काय दिसतं?"

"डावीकडचं."

तू दर रविवारी शिवलेले ब्लाउज पोचवायला अंबडला जायचीस. जाताना रस्त्याची एक बाजू बघायचीस, येताना दुसरी. लहानपणी मी पुढं उभी असायचे. तू अण्णांच्या कानापाशी बोलत राहायचीस आणि ते रस्त्यावर नजर ठेवून नुसतं "हं" म्हणायचे. चिंचेखाली आज दोन शेळ्या जास्त आहेत. निळ्या दारवालीनं आज न्हाणं केलंय. निळ्या दारवालीच्या दोरीवर लंगोट वाळताहेत, सुनेला झालं वाटतं काहीतरी. तिनं हात केला बघा. मी केला.

अण्णांनी एकदा तुझी थट्टाही केली होती. "तुझ्यासाठी रस्त्यावर कोण उभं राहतंय? राणी लागून गेलीस का?" तू हसली होतीस. नंतर बरेच दिवस निळ्या दारवालीचं नाव निघालं नाही, आणि ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. का नाही भांडलीस, आई? का नाही म्हणालीस की थांबवा गाडी, दाखवते? की उतरायचं आणि पुन्हा चढायचं म्हणजे पायाचे हाल, आणि चार लोकांसमोर अण्णांना तुला धरावं लागणार, म्हणून गप्प बसलीस?

आज चिंच मागं पडली आणि अण्णा एकदम म्हणाले, "हळू घे. हळू घे, वंदे."

डाव्या हाताला, रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याचं घर होतं. त्याचं दार निळं होतं. आणि एक बाई पदराला हात पुसत घाईघाईनं बाहेर येत होती. तुझ्याहून थोडी मोठी असेल. बाहेर येता येता तिनं हात वर केलाही होता. मग तिला अण्णा दिसले आणि तो हात तसाच राहिला.

अण्णांनी आपला हात वर केला. "थांबव," म्हणाले.

आम्ही उतरून दारापर्यंत गेलो. ती आमच्याकडं बघत नव्हती, मागं स्कूटरकडं बघत होती. "बाई कुठं हायत?" तिनं विचारलं. "दिवाळीपासून गाडी दिसंना झाली. म्या म्हटलं इकली वाटतं. आज त्या पाय ठेवायच्या फळीचा खडखडाट आला आन् चुलीवरची भाकर टाकून पळत आले."

मी अण्णांकडं पाहिलं. मग मीच सांगितलं. काविळीचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. किती नीट सांगितलं मी, जसं कोणी परीक्षाच घेत होतं. ती उंबऱ्यावर खाली बसली.

"आमी बोललो न्हाई हो कधी," ती म्हणाली. "नुसता हात करायचो. माझ्या सुनंला ल्योक झाला तवा त्याला दारात आणून दाखवला व्हता त्यान्ला, गाडी चालू असताना. लई हसल्या. येकदा थांबवावं, च्या पाजावा, असं दर ऐतवारी मनात यायचं. म्हटलं घाईत असतील." मग तिनं डोळे पुसले. "नाव काय व्हतं त्यांचं?"

आई, अण्णांनी तुला जन्मभर "अगं" म्हटलं. तुझं नाव घ्यायची वेळ आली की ते "वंदीची आई" म्हणायचे. तुझ्या तेराव्याला गुरुजींनी विचारलं तेव्हासुद्धा मामांनी सांगितलं. आज त्या परक्या दारात, धोतराचा सोगा मुठीत धरून ते म्हणाले, "शकुंतला."

तिनं ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग आम्हाला चहा पाजला. करपलेल्या भाकरीचा वास येत होता.

अंबडला सलीमभाईंनी पायदान बघितलं आणि हातोडा उचलला. "बोल्ट जाम झालेत, ताई. ठोकून काढतो जल्दी." मी नको म्हणाले. तू खडूनं चिंध्यांवर मला अक्षरं शिकवायचीस, तेव्हाच शिवण उसवायलाही शिकवलंस. ओढायचं नाही, टाका टाका उसवायचा, नाहीतर कापड फाटतं. मी म्हणाले, "तेल सोडा, आम्ही थांबतो." ते हसले, पण त्यांनी तेल सोडलं, आणि आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. मला वाटत होतं अण्णा आता म्हणतील, राहू दे. मीही म्हणणार होते. पण रस्त्याला घासलेलं टोक चकचकीत झालं होतं, ते आम्हा दोघांना दिसत होतं. बोल्ट एकेक करून सुटले. पायदानाखाली स्कूटरचा पहिला रंग निघाला, हिरवा. ठोकळ्यावरचं रबर तुझ्या टाचेनं एकाच जागी झिजलंय. त्या खळग्यात अण्णांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

येताना ते दोन्हीकडं पाय टाकून बसले. पोतं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. नवा रस्ता झाल्यासारखी गाडी गुपचूप चालली होती. येताना निळं दार उजव्या हाताला येतं, तुझ्या पाठीमागं. म्हणजे तू ते परतताना कधीच बघितलं नसशील. मी समोर बघत होते, भरधाव ट्रक येत होता. घर मागं गेल्यावर अण्णा म्हणाले, "दार लावलेलं व्हतं."

मग चिंच आली, गेली. तेव्हा पुन्हा म्हणाले, "कसं उघडंल? आपला आवाजच न्हाई आता."

आई, मी ते पायदान परत बसवणार नाही. खोटं वचन तुला चालत नाही. पण उद्यापासून रोज शाळेला जाताना त्या घराच्या अलीकडं मी हॉर्न वाजवीन, गाडी हळू करीन आणि हात वर करीन. दार उघडलं नाही तरी करीन. घाईत असले तरी करीन. दोरीवर काय वाळतंय, चिंचेखाली शेळ्या किती, सगळं बघून ठेवीन आणि संध्याकाळी अण्णांना सांगीन. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तर चालू देणार नाही.

मी आत्ताच मागच्या दारी जाऊन त्यांना हे सांगून आले. ते म्हणाले, "नातू किती मोठा झालाय तिचा, ते बघ उद्या. शकुंतलेनं विचारलं असतं."

तुझीच,
वंदी