या सालचे गेम आणि एक रुंद दात

बाबा, उद्या खंडेनवमी. पाट धुऊन ठेवला आहे, तुमचा मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा खोबरेल लावून पुसला आहे, आणि त्याच्या शेजारी मी माझा गेमपॅड ठेवणार आहे. ठेवणार म्हणजे ठेवणार. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हे का हत्यार होय का वो बाई?" कचेरीतल्या बायाही तेच विचारतात, जरा वेगळ्या तऱ्हेनं: "मॅडम, चाळिशी उलटली, आता गेम कायले खेळता?" त्यांना मी सांगते की तुमच्या सिरियलीतली सासू एकच कट सहा महिने शिजवते, त्यापेक्षा माझं बरं. हसतात आणि सोडून देतात. तुम्हाला मात्र असं उडवून लावता येत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, मी बारा वर्षांची होते तेव्हाची, आणि ती आज लिहिल्याशिवाय मी उठणार नाही. आधी तुमच्याच रिवाजानं वर्षाचं सांगते.

आपलं वर्ष नवमीला संपायचं. साडी उतरवली की मागावर वीतभर कापड उरायचं, ते तुम्ही कापून ट्रंकेत ठेवायचात. नवमीची पूजा झाली की सालभराचे सगळे तुकडे चटईवर मांडायचे आणि दादाला नि मला समोर बसवायचं. एकेक तुकडा उचलून दाराच्या उजेडात धरायचात, आणि शेवटी एकच बाजूला काढायचात: "या सालचा हा." पण त्याआधी त्याची खोड सांगायचात. इथं ठोका हलका पडला, इथं रंग सरकला. मी एकदा विचारलं, "आवडला तं खोड कायले सांगता बाबा?" तुम्ही म्हणालात, "खोड पायली नाही तं आवडला कसा म्हणू? नुसती वाहवा तं पाव्हणेही करतात." गेली काही वर्षं मी नवमीच्या आदल्या दिवशी माझ्या गेमचं तेच करते. वहीत लिहिते, खोड आधी, आवड मागून.

तर या साली मी पाच गेम खेळले, त्यातले दोन सांगण्यासारखेसुद्धा नाहीत. एक शेतीचा होता. बी टाकलं, झारीनं पाणी घातलं, चार दिवसांत धान कापणीला. वाकून रोपं लावायचा रोवणा नाही, चिखल नाही, कंबर धरलेली एक बाई नाही! पण त्यात संध्याकाळी तळ्यावर गळ टाकून बसता येतं, आणि कचेरीतून आल्यावर मी अर्धा-अर्धा तास तशी बसले आहे, मासा नाही मिळाला तरी. दुसरा होता एका डोंगरी गावातल्या पोस्टमनचा. कोणाकडे कोणतं पत्र आधी न्यायचं एवढाच खेळ. शेवट घाईत गुंडाळला आहे, पण त्यातल्या एका म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवताना मी ते पत्र स्वतःशीच मोठ्यानं वाचलं आणि मला माझाच राग आला. आणि तिसरा, या सालचा माझ्या आवडीचा, त्यात एक बाई डोंगर चढते. बस, चढते. डावा हात एका बटणावर, उजवा दुसऱ्यावर, एक धरल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. सोडला की थेट पायथा. त्याची खोड ही की खेळ जिथवर आला ते राखून ठेवायला त्यात एकच जागा आहे. कोणी चुकून "नवा खेळ" दाबलं की तुमची सगळी चढण पुसली जाते. अडीच महिने, दर रविवारी दुपारी, मी ती बाई वर नेत होते. शिखरावरचा झेंडा दिसायला लागला होता.

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात फोडणी देत होते. माझी लेक दारात येऊन उभी राहिली. तिला तुम्ही पाहिलं नाही. तिचं नाक तुमचं आहे आणि हट्टही तुमचाच. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "आई, मारशील तं मार. तुझा डोंगर माझ्याकडून पुसल्या गेला. मी नवीन दाबलं. मले मालूम नव्हतं, पण मीच दाबलं." मोहरी जळाली. मी तिच्यावर ओरडले, हो, चांगली ओरडले, माझ्या वस्तूला हात कायले लावते म्हणून. ती रडली, पण जागची हलली नाही. खरं तर लॅपटॉप झाकून ती गुपचूप मैत्रिणीकडे जाऊ शकत होती. मला वाटलं असतं, मशीन जुनं झालं, गेलं. पाच मिनिटंही न थांबता ती येऊन सांगून मोकळी झाली. मी गॅस बंद केला आणि तिथंच पाटावर बसले.

आता ती गोष्ट. त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला रोज धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरून देत होते, म्हणून सानगडीच्या बाजारातून तुम्ही मला तो ब्रिक गेम आणून दिला. हातात मावणारा, पिवळा, वरून पडणाऱ्या विटांचा. आईनं तोंड वाकडं केलं, तुम्ही म्हणालात, "पोरगी दिवसभर कांड्या भरून राहिली, खेळू दे." तेव्हा मागावर करवत काठाची कोसा रेशमाची साडी होती, करवतीसारखे दात काठभर. दर दाताला बारा ओळी. मी मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून मोठ्यानं मोजायची आणि बाराला "दात" म्हणायची, की तुम्ही काठाचा धागा वळवायचात. तुम्ही कधी स्वतः मोजलं नाही. म्हणायचात, "तू मोज, माहे डोळे धाग्यावर राहू दे." त्या दुपारी मी मोजते आहे आणि फ्रॉकच्या घेरात गेम चालू आहे, आवाज बंद करून. सहा. सात. लांब वीट येते आहे, तिच्यासाठी कडेला मी केव्हाची जागा राखली आहे. आठ. नऊ. आठ की नऊ ते मला कळत नाही. मी पुन्हा आठ म्हणते, पुन्हा नऊ. तुमचा हात माझ्या आवाजावर चालतो आहे. चौदाव्या ओळीला मी "दात" म्हटलं. मला कळलं होतं, बाबा. तेव्हाच कळलं होतं. दोन-चार ओळी उसवल्या असत्या तर काम भागलं असतं. मी काही बोलले नाही, आणि कापड गुंडाळलं जाऊन तो दात आत गेला.

व्यापाऱ्यानं साडी उलगडली आणि त्याचं बोट नेमकं तिथंच थांबलं. "बुवा, नजर मंदावली का तुमची?" तुम्ही साडी दारात नेऊन पाहिलीत, बराच वेळ. मी कोपऱ्यात होते. मग तुम्ही म्हणालात, "मोजणी माह्या पोरीची हाय, ते चुकत नाही. माहीच नजर चुकली." साडी परत आली. त्यानंतर प्रत्येक दात तुम्ही दोन-दोनदा बोटानं चाचपायला लागलात, काम अर्ध्यावर आलं, आणि त्या नवमीला पूजा करून तुम्ही माग सोडला. भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानात कागदात भांडी गुंडाळायला लागलात, पितळेवर पितळ. त्या सालचे तुकडे तुम्ही मांडलेच नाहीत. परत आलेल्या साडीतून रुंद दाताचा तेवढा वीतभर तुकडा कापून ट्रंकेत टाकलात.

आणि सांगायची संधी मिळाली नाही असंही म्हणता येत नाही. मी नोकरीला लागल्यावर तुम्हाला भंडाऱ्याला डोळ्यांच्या शिबिरात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, या वयात असे डोळे कमी पाहायला मिळतात." तुम्ही हसलात. परतीच्या यष्टीत कारध्याच्या पुलावर तुम्ही खिडकीतून वैनगंगेकडे पाहत होतात, आणि मान न वळवता विचारलंत, "मंग तो दात कसा रुंद झाला असन वो?" बाबा, तो प्रश्न तुम्ही मलाच विचारला होता. पूल संपेपर्यंत वेळ होता. मी म्हटलं, "जुनी गोष्ट हाय, कायले आठवता." तुम्ही "हौ" म्हणालात आणि पुढं कधी तो विषय काढला नाहीत. लाज वाटते. आजही तो पूल आला की मी मोबाईल काढते आणि खाली पाहत बसते.

उद्या दादा येणार, वहिनी येणार. दर नवमीला धोट्याला हळद-कुंकू वाहताना दादा तेच वाक्य म्हणतो: "बाबाचे डोळे गेले म्हणून माग सुटला." उद्या मी त्याला ते पुरं करू देणार नाही. रुंद दाताचा तुकडा पाटावर ठेवणार, आणि सगळ्यांसमोर सांगणार की बाबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, मोजणी माझी चुकली आणि तोंड मी मिटलं. दादा चिडेल. चिडू दे. लेक ऐकेल, तिनं ऐकावंच. संध्याकाळी तिला शेजारी बसवून मी तो डोंगर पायथ्यापासून पुन्हा चढायला घेणार आहे. डावा हात ती, उजवा मी, आणि मोजणार दोघीही.

हे पत्र कुठं टाकायचं, तुमचा पत्ता कोणाला माहीत? त्या तुकड्याबरोबर घडी करून ट्रंकेत ठेवते आहे. आवड सांगायची तर खोड आधी, असं तुम्ही म्हणायचात. खोड सांगून झाली, म्हणून हेही सांगून टाकते. ती लांब वीट नेमकी जागेवर पडली होती, बाबा. चार ओळी एकदम उडाल्या. त्या दिवसाइतके गुण मी त्या गेमवर पुन्हा कधी केले नाहीत, आणि "दात" म्हणताना मला मनातून आनंदच झाला होता. त्या सालचा माझ्या आवडीचा गेम तोच.