मीच काढलेला कायदा

२ एप्रिल
जेठ येऊन गेले. खुशबूचा दहावीचा शेवटचा पेपर काल झाला अन् आज हे हजर. चहा पेला, म्हणे, "हथखोजले आमच्या कारखान्यात बोल्ट पॅकिंगले पोट्ट्या पाहिजेत. खुशबूचं सांगून ठेवलं मी. मे महिन्यापासून गाडी घ्यायले येईल." विचारलं नाही, सांगितलं. खुशबूचे बाबा मान खाली घालून बसले. मोठ्या भावापुढे ह्यांचं तोंड कधी उघडतच नाही — प्लांटमध्ये ठेकेदाराकडे ह्याइले कामाले त्याहीनंच लावून देलं न!

खुशबू भांडे घासून राहिली होती. तिनं सारं ऐकलं. "मम्मी, मैं साइंस लूँगी, बोला था ना." माही शाळा आठवीतच सुटली. तेव्हाही असंच कोणीतरी चहा पिऊन गेलं होतं. रागानं झोप येईना.

३ एप्रिल
मी सैपाकाले जातो त्या शाळेत पोरांचा भात उतरवून हात पुसत होती, तं मास्टर लोकं मोबाइलमध्ये वाचून बोलत होते. शाळा चौदा वर्षांपर्यंतच सक्तीची आहे, ते अठरापर्यंत करा, असं मागणं चालू आहे म्हणे. एक सर म्हणाले, "होगा तब देखेंगे." एवढंच.

घरी येऊन मी काय सांगितलं — नवा कायदा झाला, अठरा वर्षांआधी पोरगी शाळेतून काढली तं माय-बापावर केस. शाळेतूनच ऐकून आली म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं! हे माह्याकडे पाहत राहिले. मग म्हणे, "बरं. भाऊले सांगतो."

६ एप्रिल
ह्याइनं सांगितलं. जेठ फुगून बसले, पण केसचं नाव काढल्यावर खुशबूचं नाव मागे घेतलं. खुशबू गाणं गुणगुणून राहिली.

१४ एप्रिल
विहारात जयंती. समोरच्या घरातली शीला, तिनं समितीच्या भय्याजींच्या कानावर घातलं अन् भय्याजींनी माइकवरून सांगून टाकलं — आता अठरा वर्षांपर्यंत शाळा! वर माह्याकडे बोट दाखवून, "ही खबर ममताताईंनी आणली." टाळ्या. हेही बाजूले बसून टाळ्या वाजवत होते.

बाबासाहेबांच्या फोटोपुढे बसून माह्या खोट्याचं कौतुक ऐकलं मी. उठून सांगावं असं दोनदा वाटलं. नाही उठली. लाज वाटते.

२१ एप्रिल
शीला रडत आली. तिच्या नवऱ्यानं, रूपेशनं, ऐश्वर्याची टीसी काढून आणली. नववी झाली फक्त तिची. दहावी तं होऊ देतो म्हणत होता, पण आता म्हणे, "जूनमध्ये कानून लागू झाल्यावर पोरगी अडकून पडते. आधीच नाव कटवलं तं केस होत नाही."

मी शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. शीला म्हणे, "ममता, कायदा आताच कावून नाही लावत हे लोकं?" खरं सांगितलं तं रूपेश ह्याइले सांगेल, हे जेठाले, अन् खुशबू त्या गाडीत बसेल. मी शीलाले पाणी देलं.

२२ एप्रिल
शीलाच्या दारापर्यंत गेली. विरजण मागून परत आली.

८ मे
खुशबू फर्स्ट डिव्हिजन! ह्याइनं पेढे आणले. शीलाकडे खुशबूलेच पाठवलं, माहं धाडस झालं नाही. ती परत आली तं चेहरा उतरलेला. "मम्मी, ऐश्वर्या हथखोज जाऊन राहिली. बड़े पापाच्या फॅक्टरीत. मेरी वाली जगह."

एक पेढाही खाल्ला नाही तिनं. मी पण नाही.

१२ मे
सकाळी गाडी आली. ऐश्वर्यानं शाळेसारख्याच दोन वेण्या घातल्या होत्या. गाडीतून मले हात हलवला. मी नळावर होती, माहा हात उठलाच नाही.

शीलाले विचारलं, पुन्हा नाव टाकता येईल का? म्हणे, "आता रूपेश ऐकत नाही. जेठजीले जबान देऊन बसला तुमच्या."

१३ मे
आज ह्याइले सगळं सांगितलं. कायदा नाही, मीच काढला. हे जेवता जेवता म्हणे, "मालूम आहे मले. दुसऱ्याच दिवशी तुह्या शाळेत जाऊन बड्या सरले विचारलं मी. भाऊले 'नाही' म्हणायले मले काही तरी पाहिजेच होतं. एकदा नाही म्हटलं, आता दहादा म्हणतो. खुशबू शिकेल."

म्हणजे त्या दिवशी शीलाले पाणी न देता खरं सांगितलं असतं, तरी खुशबू शाळेतच राहिली असती.