आमच्या घरातले सुधारक आणि सनातनी

मावला, ३ मार्च १९५७

प्रिय दादा,

नांदेडहून आलेलं तुझं पत्र वाचलं. त्यात तू भगवानकाकांना पुन्हा सनातनी म्हटलंस. निजामाच्या राज्यात तू चोरून मराठी वर्तमानपत्रं वाटायचास, तुरुंगातही गेलास, तेव्हा गाव तुला सुधारक म्हणायचं आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा. काका सोवळ्यात पूजा करणारे, निजामाच्या नोकरांची लाल रुमी टोपी घालून तहसिलीत कामाला जाणारे. निजामाचं राज्य बदलूच नये, असं त्यांचं मत. मग हैदराबाद भारतात आलं, तू पुढारी झालास. गेल्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, नांदेडासकट तू मुंबई राज्यात गेलास, आम्ही आंध्रात राहिलो. आता तिकडे जो तो स्वतःला सुधारक म्हणवतो, असं तूच लिहितोस.

यशवंतरावांनी मला मागणी घातली तेव्हा मी पहिल्यांदा तुलाच कळवलं. ते उटनूरच्या शाळेत मास्तर आहेत, त्यांची बायको वारली. मी बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. आदिलाबादला विधवाविवाहावर तू भाषण केलंस, ते मी पुढे बसून ऐकलं होतं. तुझं उत्तर चार ओळींचं आलं. निवडणूक तोंडावर आहे, विरोधक बोभाटा करतील, हा विषय सध्या नको. दोन दिवस मी रडून काढले.

शेवटी मालनकाकूंनी काकांच्या कानावर घातलं. काकांनी मला समोर बसवलं. “तुले तो मानूस पसंत हाय का?” मी मानेनंच हो म्हटलं. “मंग काऊन रडून राह्यली? शास्त्राचं मी पाहून घेतो.” निर्मल गावच्या एका भटजींनी नकार दिला, तर काका दुसऱ्यांकडे गेले. जातवाल्यांनी जाब विचारला. काका त्यांना म्हणाले, “मी जुन्या वळनाचा मानूस. घरची पोर सुखी ठेवनं माह्यावरच हाय.”

सनातनी शब्दाचा अर्थ मी आता भाषणांवरून ठरवत नाही. चौदा तारखेला निर्मलला माझं लग्न आहे. तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. बापाच्या जागी काका उभे राहतील, भावाची जागा मी कुणाला दिलेली नाही. तू येशील का, असं काकूंनी विचारलं तेव्हा काकाच म्हणाले, “येईल तो. माह्या हाताखाली वाढला.”

वाट पाहणारी तुझीच,
प्रयाग