टाकीला दिवा दाखवायचा नाही

बाबा,

मी हल्ली लोकांच्या मोऱ्या आणि संडासाच्या टाक्या साफ करते. मी आणि तुमचा जावई, दोघं मिळून. एक उपसायचा टँकर आहे, एक जोरात पाणी मारून पाइप मोकळा करणारं मशीन आहे, आणि फोन उचलायला मी आहे. कट्टा गावापासून खाली किनाऱ्यापर्यंत ज्यांच्या घरात पाणी तुंबतं ते आधी देवाला हाक मारतात, मग मला. फोनवर मी बायकांना पहिला प्रश्न विचारते, "माशाचे खवले खंय टाकतंस?"  खवले, भाताची खरवड, भांडी घासून झिजलेला काथ्या, सगळं मोरीत ढकलतात आणि मग म्हणतात, पाइपच वाईट निघाला. मी त्यांना फोनवरच झापते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून गोड बोलणं मला जमत नाही, आणि ही खोड कुणाकडून आली ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही मला असल्या कामाच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू दिलं नसतंत. मी लहान आहे, मे महिना आहे, कुणाच्या तरी परसातली विहीर आहे, पाणी तळाला गेलंय. तुम्ही गाळ काढायला उतरणार, म्हणून आईने मला जेवणाचा डबा घेऊन पाठवलंय. मी कठड्यावरून वाकून बघते आणि तुम्ही खेकसता, "मागे सर. चेडवाचा काम न्हय ह्या." मुलीचं काम नाही म्हणून मी चिंचेखाली जाऊन बसते आणि फुरंगटून तिथूनच बघत राहते. तुम्ही पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू आत सोडता.  कंदील विझला तर खाली वाईट वायू आहे, मग आंब्याचा डहाळा दोरीला बांधून वरखाली करायचा, हवा हलवायची आणि पुन्हा कंदील सोडायचा. तो जळत राहिला तर तुम्ही कमरेला दोर बांधायचात आणि दुसरं टोक काकांच्या हातात द्यायचात. काका काही आपले सख्खे नव्हेत, पण तुमचा दोर जन्मभर त्यांनीच धरला. उतरताना तुम्ही दरवेळी त्यांना तेच सांगायचात, "दिवो जगलो तर माणूस जगतलो." गावात अजून लोक ते म्हणतात. तुम्ही गेलात आणि कंदीलही काकांकडेच गेला. मी मागितला नाही, पण मला राग आला होता. थोडा अजून आहे.

गेल्या मे महिन्यात काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. अंगणात माटव घातलेला, मुंबईचे पाहुणे उतरलेले, दुसऱ्या दिवशी हळद, आणि नेमका सकाळपासून संडास उलटा यायला लागला. काकांचा फोन आला तशी मी टँकर घेऊन गेले. मशीन जावयाबरोबर रेडीला एका कामावर होतं. टँकरने टाकीतलं वरचं पाणी ओढलं, पण खालचा गाळ घट्ट बसलेला, आणि घरातून येणारा पाइप काही मोकळा होईना. कुणीतरी कापड टाकलं असणार आणि ते टाकीच्या आत, पाइपाच्या तोंडाशी अडकलं असणार. मी म्हटलं, काका, मशीन येईपर्यंत दम धरा, संध्याकाळपर्यंत सगळं मोकळं करून देते. तेवढ्यात एक पाहुणी नाकाला पदर लावून बाहेर आली आणि माटवातल्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एवढ्या लांब बोलावून हेच दाखवायचं होतं का?" काकांचा चेहरा पडला. मुलीचा बाप, कार्याचं घर, आणि अशी शोभा. ते काही न बोलता आत गेले आणि बाहेर आले ते तुमचा कंदील आणि दोर घेऊनच.

"मी उतारतंय," म्हणाले. "हात घालून काढतंय. पाच मिन्टांचा काम." मी ओरडले, काका, इथे आग नको, हा वायू पेट घेतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भरदुपारी पेटवलेला कंदील त्या चौकोनी तोंडातून खाली गेला. मी पोराबाळांना मागे ढकललं आणि डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. कंदील आत शांत जळत होता, आणि माझं काम तिथेच अवघड झालं. म्हातारी माणसं मान डोलवायला लागली. काकांनी कंदील वर ओढून बाजूला ठेवला, कमरेला दोर बांधला, टाकीच्या तोंडाशी बसून पाय आत सोडले आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "धर," म्हणाले. बाबा, ज्या दोराला शिवायची मला तुमच्याकडे बंदी होती तो माझ्या हातात आला तो असा.

मी त्यांना समजावलं. विहिरीतला वायू तळाशी मोकळा बसलेला असतो, म्हणून दिव्याला कळतो. टाकीतला गाळाच्या पोटात दडलेला असतो. तुमचा पाय गाळात पडला की तो उठेल, आणि हाक मारायलाही तुम्हाला वेळ मिळणार नाही. मग तुम्हाला काढायला दुसरा कुणी उडी टाकेल आणि तोही जाईल. हे मी शिकून आले होते, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "तू माका शिकवतंस?" काका म्हणाले. "तुझ्या बापाशीक मी जल्मभर ह्याच दिव्यार उतरयलंय. तो मेलो विहिरीत?" नाही मेलात. खाटेवर, दम लागून गेलात.  त्यांचे दोन्ही हात काठावर टेकलेले होते, अंग पुढे झुकलं होतं. मी दोर ओढला असता तर ते हट्टाने अजून पुढे गेले असते, आणि त्यांचं वजन मला पेलणारं नव्हतं. नवरीमुलगी दारात उभी राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. 

मी म्हटलं, "काका, बाबांनीच माका सांगल्यानी हुता."

ते थांबले. "काय सांगल्यान?"

"टाकयेक दिवो दाखवचो नाय. विहिरीत दिवो खरा सांगता, टाकयेत फसयता. म्हणाले, तुझो काको दुसऱ्या कोणाचा आयकाचो नाय, तेका माझा नाव सांग."

"कधी म्हणालो?"

"शेवटाक. खाटेर होते तेव्हा."

"माका कित्याक नाय सांगल्यान?"

"तुमी थय बसान नुसते रडत हुतास. तुमका काय सांगतले?"

 काकांचा खालचा ओठ हलत होता. मग त्यांनी एक पाय बाहेर काढला, जरा थांबून दुसरा काढला, आणि तिथेच मातीत बसून राहिले. मी दोर सोडला नव्हता. हातावर वळ उठलेले नंतर मशीन लावताना दिसले.

संध्याकाळी तुमचा जावई आला. आमच्याकडे वायू ओळखणारं एक छोटं पिवळं यंत्र आहे, ते त्याने आधी टाकीत सोडलं. यंत्र गप्प. काकांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, मी मनात म्हटलं, आता माझं काही खरं नाही. मग जावयाने लांब उभं राहून बांबूने गाळ ढवळला आणि यंत्र असं किंचाळायला लागलं की वर काढलं तरी थांबेना.  काकांनी कंदील उचलून पडवीतल्या खुंटीला अडकवला आणि पाहुण्यांना सरबत दिलं का ते विचारायला आत गेले. पाइपातून अखेर अख्खा टॉवेल निघाला. तो कुणाचा ते कुणीच कबूल केलं नाही, पण ती नाकाला पदर लावणारी बाई नंतर बरीच गोड वागत होती. हळद व्यवस्थित झाली.

आता काका हे गावभर सांगतात. कट्ट्याच्या बाजारात मला भाजीवाली थांबवून म्हणते, तुझ्या बापाशीन किती लांबचा बघितलेला. काकांच्या सांगण्यात हल्ली तुम्ही त्यांनाही थोडंसं सूचित केलं होतंत. टाकी बांधणारे गवंडीसुद्धा म्हणतात, टाकीला दिवा दाखवायचा नाही. चांगलंच आहे, म्हणू देत.

पण बाबा, तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. आपल्या घरी टाकी नव्हती, मोरीचं पाणी अळवाला आणि केळींना जायचं, तुम्हाला टाकीचं काय माहीत असणार? कंदील खोटा ठरवायचा होता आणि तो तुमच्याशिवाय कुणी खोटा ठरवला असता तर काकांनी ऐकलं नसतं, म्हणून मी तुमच्या तोंडी घातलं. त्या शेवटच्या सकाळी मी चुलीवरची पेज वाटीत घेऊन आले, तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "मीठ नाय गो." एवढ्या आजारातही नावं ठेवतात म्हणून मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. मीठ घेऊन आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता, त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

परवा काका घरी आले होते. चहा पिऊन झाला तरी उठेनात. मग खाली बघत म्हणाले, "माझ्यासाठी आणखी काय सांगल्यान नाय तेणी?" इतकी वर्षं दोर धरलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणू? मी म्हटलं, आठवून सांगते. तेव्हापासून हा कागद घेऊन बसलेय. तुम्ही त्यांना काय म्हणाला असतात ते सुचतंय का बघतेय, पण मला मिठाचंच आठवतं.