बंडीतला आतला खिसा

२ मार्च १९६९

प्रिय गुलाब,

तुझं घर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे आणि हे पत्र मी पोस्टाने पाठवतो आहे. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचून हसेल. हसू दे. दसरा होऊन पाच महिने झाले, तू माझी पायरी चढला नाहीस आणि तुझ्या अंगणात पाय ठेवायचं मला धाडस झालं नाही. मध्ये मोताळ्याच्या बाजारात तू वांगी निवडत होतास, मी मागेच उभा होतो. चांगुणावहिनींनी मला पाहिलं आणि मान फिरवली. तू पाहिलं नाहीस, किंवा पाहून वांगीच निवडत राहिलास. आपली मैत्री मोडली की नुसती थांबली, हे मला अजून कळत नाही. या वयात थांबलेलं पुन्हा सुरू होतं का, तेही कळत नाही.

आजकाल डोळ्यांपुढे सारखी शाळा येते. कवितेचा तास, मास्तर टेबलावर छडीने ताल धरताहेत, आणि आम्ही पंचवीस पोरं एका सुरात. तू बाहेर ओसरीवर, खिडकीच्या खाली, पोत्याच्या तुकड्यावर. तुला आत बसायची मुभा नव्हती आणि मला त्याचं तेव्हा काहीच वाटत नव्हतं, हे आज कबूल करतो. खिडकीजवळची जागा मात्र मी मुद्दाम धरली होती. पाठ तुझं आधी व्हायचं, अडलो की खालून तुझी कुजबूज यायची. एकदा मास्तरांनी नळगंगेवर दोन ओळी करून आणायला सांगितल्या, भुजंगप्रयातात. मी पहिली केली, ‘निळ्या डोंगराच्या तळाशी नदी ही’, आणि दुसरीत अडकलो. ‘उन्हाची’, पुढे काही सुचेना. तू खालून म्हणालास, ‘उपाशी’. मग ओळ आपोआप झाली: ‘उन्हाची, उपाशी, तरी गात राही’. मास्तरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, काय शब्द टाकलास रे! नदीला उपाशी म्हणणं त्यांना फार आवडलं. तो शब्द खिडकीखालून आला हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे मुलांना, सुनांना, पाहुण्यांना ती ओळ किती वेळा ऐकवली असेल! तू समोर बसलेला असायचास. तू पण कधी सांगितलं नाहीस.

मला वाटायचं, मी तुझ्यासाठी खूप केलं. तू मास्तर झालास तेव्हा तुला शेजारी बसवून जेवू घातलं, गावात कुजबूज झाली तरी. पंधरा वर्षं मी सरपंच होतो, तेव्हा पंचायतीच्या कुठल्याही कागदावर आधी तुझं मत घ्यायचो. मग दोन वर्षांपूर्वी सात जणांनी तुझ्या बाजूने हात वर केले आणि माझ्या बाजूने चार. मी उठून तुला हार घातला. लोक म्हणाले, दादांचं मन मोठं. मलाही तसंच वाटलं. घरी येऊन फेटा खुंटीला लावताना तो दोनदा खाली पडला, ते म्हातारपणाने असेल असं मी धरून चाललो.

गेल्या मे महिन्यात माझी कडब्याची गंजी जळाली. भर दुपारी, वारा सुटलेला, अर्ध्या तासात राख. गावातला प्रत्येक माणूस घागरी घेऊन धावला, तू सगळ्यांच्या पुढे होतास, तुझ्या धोतराचा सोगा पोळला. आणि गुलाब, मी त्या धुरात उभा राहून तुझ्याकडे पाहत होतो तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव तुझं आलं. तुझं नाही म्हण हवं तर, तुझ्या वस्तीतल्या पोरांचं. पण तुझ्याशिवाय त्या पोरांचा म्होरक्या दुसरा कोण होता? चार दिवसांनी कोणीतरी येऊन सांगितलं की बाजारात एक जण म्हणत होता, ‘म्हाताऱ्याची रग अजून जिरली नाही वाटते.’ कोण म्हणत होता, हे मी विचारलंही नाही. मला विचारायचं नव्हतं. आयुष्यभर जे माझ्यात नाही असं मी सांगत आलो, ते सगळं माझ्यात होतंच. नुसतं जागं व्हायला एक गंजी पुरली.

माझ्याकडे जुनं रिव्हॉल्व्हर आहे हे तुला ठाऊक आहे. कापसाच्या दिवसांत मलकापूरहून पैसे घेऊन परत यायचो तेव्हा ते खांद्यावरून पट्ट्याने लोंबायचं, हातभर लांब वाटावं असं. ते चालवायची वेळ कधी आलीच नाही, कारण ते लांबूनच दिसायचं. आता मला दुसरं हवं होतं, लहान, रोज अंगावर वागवता येईल आणि कोणाला दिसणार नाही असं. पहिलं लोकांनी पाहावं म्हणून घेतलं होतं. दुसरं कोणी पाहू नये म्हणून. माणूस कुठून कुठे येतो!

दुसऱ्या हत्याराच्या अर्जाला गावातल्या प्रतिष्ठित माणसाचा जबाब लागतो. सरपंच तू. मी कागद घेऊन तुझ्याकडेच आलो. तू चष्मा लावून दोनदा वाचलास आणि म्हणालास, ‘अर्जुन, तुले कोण मारीन बे? तुले पाहून कुत्रं बी भुकत नाही.’ मी हसलो नाही. मग तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. ‘भेव वाटून राह्यलं का तुले? खरंच?’ मी हो म्हटलं. ‘मले तं काही पटत नाही. पण तुले वाटते ना, मंग झालं.’ आणि ‘जिवास धोका कोणापासून’ याच्या पुढे तू आपल्या वळणदार अक्षरात लिहिलंस, ‘काही अज्ञात इसम’. तो अज्ञात इसम शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत माझ्यासमोर बसला होता.

अकोल्याच्या बंदुकवाल्याने गादीवर हिरवं कापड पसरून दोन नग ठेवले. एक पिस्तूल, चपटं, तळव्यात मावणारं, खालून गोळ्यांची पट्टी सरकवायची. अंगाशी ते सुरेख बसत होतं, बंडीवरून हात फिरवला तरी कळेना. पण त्याचं वरचं पोलाद मागे खेचल्याशिवाय गोळी चढत नाही, आणि ते मला खेचवेना. तीनदा घसरलं, अंगठ्याचं साल गेलं. दुकानदार म्हणाला, ‘बाबूजी, ये जवान हाथों की चीज़ है. वक़्त पे नहीं खिंचा तो पेपरवेट समझो.’ दुसरं होतं आखूड नळीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. त्याचं पोट जाड, पण त्याला खेचणं नको, बोट दाबलं की झालं. मागचा घोडा तेवढा कापडात अडकायचा, तर त्याची बोंडी, म्हणजे वर आलेलं टोक, घासून दिलेला एक नग त्याच्याकडे होता. तो मी अंगावर ठेवून पाहिला. जेवायला बसतात तशी मांडी घालून बसलो. देवळात वाकतात तसा वाकलो. बैलगाडीत चढल्यासारखा पाय उचलला. दुकानातली माणसं हसत होती, मला त्याची लाज वाटली नाही, उलट आपण किती बारकाईने पाहतो याची घमेंडच वाटली. आतल्या अंगाला, डाव्या बरगडीवर, ते कुठेच टोचत नव्हतं. कोणाच्या गळ्यात पडून मात्र मी पाहिलं नाही. तिथे कोणाच्या गळ्यात पडणार होतो?

शेषराव शिंप्याने बंडीला आतून खिसा शिवला, दुहेरी कापडाचा, घामाने लोखंड गंजू नये म्हणून मेणकापडाचं अस्तर लावून. ‘दादा, एवढा खिसा! घड्याळ घेतलं का घंटा?’ असं विचारून तो स्वतःच हसला, आणि माझा चेहरा पाहून खाली मान घालून माप घेऊ लागला. त्याने कोणाला सांगितलं नसावं. पुढचे तीन महिने मी पंचायतीत तुझ्या शेजारी बसलो, तुझ्या तंबाखूच्या डबीतली चिमूट घेतली, तुझ्या नातवाला मांडीवर घेतलं ते मात्र उजव्या मांडीवर, डाव्या अंगाला येऊ दिलं नाही.

छप्पनपासून तू दसऱ्याला आपट्याची पानं देत नाहीस. त्या दिवशी नागपूरला जातोस आणि दुसऱ्या दिवशी परतलास की पिशवी न ठेवता थेट माझ्याकडे येतोस. मी म्हणतो रामराम, तू म्हणतोस जयभीम, पानं नाहीत, काही नाही, नुसती गळाभेट. बारा वर्षं हे आपलं सणासारखं चाललं होतं. मला त्या दिवशी आठवण राहायला हवी होती. खिसा इतका अंगचा झाला होता की मी तसाच उठलो. तू मला घट्ट धरलंस, नेहमीसारखं, आणि मग तुझे हात एकदम सैल झाले. छातीवर काय लागलं ते तुला कळलं. तू ज्या कागदावर सही केली होतीस, तोच तुला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू हळूच म्हणालास, ‘माह्या घरी येतानी बी असते का हे?’ मी खोटं बोलू शकलो असतो. मी खाली पाहिलं. तू पिशवी उचललीस. मंजुळा आतून म्हणत होती, ‘भाऊजी, च्या ठेवला हो!’ तू बैठकीतूनच म्हणालास, ‘वहिनी, आज नको.’ एवढंच. एक शिवी तरी द्यायची होतीस रे! माझी गचांडी धरायची होतीस. तुझ्या त्या सभ्यपणाचा मला अजून राग येतो. निम्मा राग तुझ्यावर आहे, तोही लिहून टाकतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंजुळाने मला सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न पाहता. त्या दुपारी चुलीतली राख तिनेच उकिरड्यावर टाकली होती, गंजीच्या लगत, आणि आत निखारा राहिला होता. मी विचारलं, तेव्हाच काऊन नाही सांगितलं? तर म्हणाली, ‘आधी तुमच्या रागाचं भेव वाटलं. मंग तुमच्या बंडीत ते आलं. आता ज्याच्या अंगावर ते रोज असते, त्याले काय सांगू मी? गंजी म्या जाळली म्हणू?’ माझ्या घरातली बाई, पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, मला घाबरून सहा महिने गप्प राहिली. ज्याच्यापासून जपायचं म्हणून मी ते घेतलं, तो आग विझवत होता. आणि ज्यांना जपायचं, ते मला भिऊन होते. मी कवितेवर प्रेम करणारा माणूस आहे असं आपल्याबद्दल किती वर्षं समजत होतो.

काल दुपारी ठाण्यावरून हिंमतराव जमादार आला. तू हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला आहेस, आणि प्रतिष्ठित माणूस म्हणून माझं नाव दिलं आहेस. कागद मी दोनदा वाचला. हा टोमणा आहे, की मी मागितलं तसं तूही नुसतं मागितलं आहेस, की हा एक प्रश्न आहे, मला ठरवता येईना. जमादार म्हणाला, ‘दादा, सही तेवढी द्या, बाकीचं मी भरतो. धोका कोणापासून, तिथं नेहमीचंच लिहितो, अज्ञात इसम.’ मी म्हटलं, अज्ञात नाही, लिहा, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. त्याने टाक खाली ठेवला. ‘ऊन लागलं का दादा? असं घेऊन गेलो तं साहेब मलेच येडा ठरवतीन. तुमचे दोन्ही हत्यारं जमा होतीन, ध्यानात हाय का?’ ध्यानात होतं. मी त्याच्याकडून लिहून घेतलं, वाचून पाहिलं आणि खाली सही केली. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलेल्या तुझ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मला देता आलं, तेही पाच महिने उशिरा. सोमवारी, दहा तारखेला, तुला ठाण्यावर बोलावतील, माझा जबाब वाचून दाखवतील आणि हे खरं का म्हणून विचारतील. तिथल्या बाकावर बसून ते परक्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या हातचं तुझ्याकडे पोहोचावं, म्हणून आज हे लिहायला बसलो. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझी अब्रू जाऊ नये म्हणून तू चष्मा लावशील, दोनदा वाचशील आणि म्हणशील, आमचा अर्जुन थट्टा करतो. गुलाब, या वेळी तसं म्हणू नकोस. माझ्यासाठी तू एकदा न पटलेल्या कागदावर सही केलीस. हा कागद खरा आहे, याला हो म्हण.

तुझाच, तू ठेवशील तर,
अर्जुन