तेरवीला आलेली साडी

गुरुवार, १३ फेब्रुवारी. पांढरकवडा.

आज यांची तेरवी आटोपली. पाहुणे चारपर्यंत गेले.

माहेरच्यांनी साडी द्यायच्या वेळी दादाच्या मागे सुधीर उभा होता. लग्नाआधी मी सोडलेला सुधीर. नंबर बदलला, गाव बदललं, तरी हा शोधत येतोच. सासूबाईंना तो माझा मावसभाऊ वाटला. त्यांनी त्याच्या हातची साडी घेऊन माझ्या खांद्यावर टाकली. मोरपंखी. दुःखाच्या साडीला असा रंग कुणी घेत नाही. पूर्वी तो मला बळजबरीने हाच रंग घालायला लावायचा. मी चार माणसांत काहीच बोलले नाही. का नाही बोलले?

जाताना सासूबाई त्याला म्हणाल्या, "येत जा बाबू, पोरगी एकटी पडली."

"आता तं येनंच हाय, आई," तो म्हणाला.

मोरपंखी साडी अजून खांद्यावर असल्यासारखी वाटते.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. यांना सारं माहीत होतं, तेही सांगितलं.

"मले आधी काहून नाही सांगतलं वं? म्या त्याले पंगतीत आग्रह करून वाढलं!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "सकाळी ठाण्यात जाऊ. साडी म्याच घेतली, तं मीच सांगतो."

त्या आत जाऊन पडल्या. विरजण लावायचं राहिलं होतं. यांना जेवताना ताक लागायचं, म्हणून मोठं पातेलं असायचं. आज फळीवरून लहान भांडं काढलं, धुतलं आणि त्यात दूध ओतलं.